गांजा कायदेशीर व्हावा का? व्यसनोपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाचे उत्तर

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहतो आणि काही महिन्यांपासून नियमित गांजा ओढतो, हे त्यांना नुकतेच कळले. जाब विचारला तेव्हा मुलाने उलट बाजू मांडली. गांजा ही वनस्पती आहे, दारूइतकी ती घातक नाही, कॅनडा आणि जर्मनीने ती कायदेशीर केली आहे, आपल्याकडे साधू-बैरागी पिढ्यान्‌पिढ्या चिलीम ओढत आले आहेत, तेव्हा चूक असेल तर ती कायद्याची आहे, असे त्याचे म्हणणे. यात तथ्य किती, गांजा खरोखर कायदेशीर व्हावा का आणि आता घरच्यांनी काय करावे, हे वडिलांना जाणून घ्यायचे आहे.

मी महाराष्ट्रात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि माझ्या कामाचा मोठा भाग व्यसनोपचाराचा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या मुलाच्या म्हणण्यातला काही भाग खरा आहे, आणि तो खरा आहे हे मान्य केल्याशिवाय त्याच्याशी पुढचे बोलणे होणार नाही. मात्र तो ज्या वयात ओढतो आहे आणि आज ज्या तीव्रतेचा माल बाजारात मिळतो आहे, या दोन गोष्टी त्याने हिशेबात धरलेल्या नाहीत. कायद्याविषयी म्हणाल तर स्वतःपुरता थोडा गांजा बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवणे थांबले पाहिजे, पण गांजाची खुली बाजारपेठ उभी राहू देऊ नये, असे मला वाटते. ‘कायदेशीर करा’ या एका मागणीत या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या जातात आणि तिथेच चर्चेचा विचका होतो.

आधी दारूशी तुलना. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटात वर्षभरात दारू घेतलेले लोक १४.६ टक्के होते, तर भांग, गांजा आणि चरस मिळून २.८ टक्के. त्यातून भांग वगळली तर गांजा-चरस घेणारे साधारण १.२ टक्के उरतात. दारूमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या ५ कोटी ७० लाखांच्या घरात होती आणि भांग-गांजा-चरसमुळे मदतीची गरज असलेल्यांची सुमारे ७२ लाख. यकृत निकामी होणे, रस्त्यावरचे अपघात, घरातली मारहाण, दारू अचानक थांबल्यावर येणारे झटके, या सगळ्यांत दारू कितीतरी पुढे आहे. गांजाच्या अतिसेवनाने श्वास थांबून प्रौढ माणूस मरत नाही, जसा तो ब्राउन शुगरने, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनने मरतो. मुलाचे हे म्हणणे बरोबर आहे आणि आपण ते बरोबर म्हणावे. ‘गांजाने माणूस मरतो’ असे सांगणाऱ्या पालकावरचा मुलाचा विश्वास तिथेच उडतो, कारण त्याच्या खोलीतली चार मुले रोज ओढून जिवंत असलेली तो पाहतो.

पण दारूपेक्षा कमी घातक असणे आणि निरुपद्रवी असणे यांत फार अंतर आहे. गांजाची सवय लागत नाही हा समज चुकीचा आहे. आयुष्यात कधीतरी गांजा घेऊन पाहिलेल्यांपैकी अंदाजे अकरामागे एकाला त्याचे व्यसन जडते आणि किशोरवयात सुरुवात केलेल्यांमध्ये हे प्रमाण सहामागे एक इतके वाढते. मेंदूची घडण, विशेषतः निर्णय घेणे, आवर घालणे आणि पुढचा विचार करणे यांचा भाग, साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या घडणीत शरीराच्या स्वतःच्या ज्या रासायनिक संदेशव्यवस्थेचा हात असतो, तिच्यावरच गांजातील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य काम करते. म्हणून चाळिशीच्या माणसाने आठवड्यातून एकदा ओढणे आणि एकोणिसाव्या वर्षी रोज ओढणे यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

मानसिक आजाराचा मुद्दा मी अधिक विस्ताराने मांडतो, कारण समर्थक तो झटकून टाकतात आणि विरोधक तो फुगवून सांगतात. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा पाठपुरावा १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया (भास-संभ्रमाचा दीर्घकाळ चालणारा आजार) होण्याचे प्रमाण न घेतलेल्यांच्या सहापट आढळले. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात आलेल्या, युरोप आणि ब्राझीलमधील अनेक केंद्रांच्या अभ्यासात असे दिसले की रोज ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास-संभ्रमाच्या आजाराची, शक्यता सुमारे तिप्पट असते आणि माल दहा टक्के किंवा त्याहून अधिक टीएचसीचा असेल तर जवळजवळ पाचपट. याचा अर्थ गांजा ओढणारा प्रत्येक जण वेडा होतो असा नाही. बहुसंख्य ओढणाऱ्यांना असा आजार कधीच होत नाही. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा) आहे, ज्यांनी लवकर सुरुवात केली, जे रोज घेतात आणि तीव्र माल घेतात, त्यांचा धोका मात्र खरा आहे, आणि तो धोका कोणाच्या वाट्याला येईल हे आधी सांगणारी चाचणी आमच्याकडे नाही.

तीव्रतेचा हा मुद्दा महाराष्ट्रात आता पुस्तकी राहिलेला नाही. आमच्याकडे येणारी मुले पूर्वी ‘पुडी’ म्हणायची. ओडिशा-आंध्रच्या सीमाभागातून किंवा धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या बाजूने, सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशी-तुरीच्या आड लावलेल्या झाडांचा, बिया-काड्यांसकट वाळवलेला तो माल असे. आता शहरी महाविद्यालयांतली मुले ‘हायड्रो’ म्हणतात. हा गांजा मातीविना, बंद खोलीत कृत्रिम प्रकाशाखाली वाढवलेला असतो. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानातून तो मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातो. देशी मालात टीएचसीबरोबर तिचा परिणाम काही अंशी सौम्य करते असे मानले जाणारे सीबीडी हे द्रव्यही बऱ्यापैकी असू शकते, तर निवडून निवडून तयार केलेल्या या वाणांत टीएचसी खूप वाढवलेली आणि सीबीडी नावापुरते असते. साधू-बैराग्यांच्या चिलमीचा दाखला देणाऱ्या मुलाला मी एवढेच विचारतो की तुझ्या हातातला माल त्यांच्या चिलमीतला आहे का.

दवाखान्यात हे कसे दिसते ते एका उदाहरणाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. विशीतला एक मुलगा, बारावीपर्यंत हुशार, अभ्यास सुटत गेलेला. आधी तो दिवसभर झोपू लागला, मग मित्रांना टाळू लागला, मग खोलीची खिडकी वर्तमानपत्राने झाकून बसू लागला. समोरच्या इमारतीतले लोक आपल्यावर पाळत ठेवतात असे तो आईला सांगायचा. आईने मोबाइलवर बोललेले वाक्य आपल्यालाच उद्देशून होते, अशी त्याची खात्री होती. घरच्यांना वाटले बाहेरचे काहीतरी आहे, म्हणून उतारे झाले, एका देवर्ष्याकडे नेऊन आणले. कपाटात गांजा सापडला तेव्हा वडील आणखी गप्प झाले. डॉक्टरांकडे नेले तर ते पोलिसांना कळवतील, गुन्हा नोंदला जाईल, मुलाचा पासपोर्ट होणार नाही, नोकरी लागणार नाही, ही भीती त्यांना वाटत होती. ते माझ्यापर्यंत पोहोचले तेव्हा लक्षणे सुरू होऊन वर्ष उलटून गेले होते.

या आजारात उपचाराविना गेलेला काळ जितका लांबतो, तितके माणसाचे पूर्ववत होणे अवघड होते. गांजा आणि सायकोसिस एकत्र आले की काही रुग्णांची लक्षणे गांजा थांबल्यावर काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरतात. पण त्यांच्यातील मोठ्या हिश्शाला पुढच्या काही वर्षांत स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार होतो, त्यामुळे ‘गांजा सुटला, आता बरा झाला’ असे समजून औषधे बंद करणे धोक्याचे असते. औषधे उपलब्ध होती, त्या घरी पैसे होते, मुलावर माया होती. वाट अडवली ती कायद्याच्या भीतीने. गांजाला गुन्ह्याच्या चौकटीतून बाहेर काढा असे मी म्हणतो त्यामागे असे रुग्ण आहेत. गांजा मला निरुपद्रवी वाटत असता तर या प्रश्नाची मला इतकी निकड वाटली नसती.

आता कायदा नेमका काय म्हणतो ते पाहू, कारण त्याच्याविषयी घराघरांत फार गैरसमज आहेत. अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. त्याआधी अनेक राज्यांत परवानाधारक दुकानांतून गांजा विकला जात असे आणि त्यावर कर घेतला जात असे. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताची सही होती, औषधोपचार वगळता अन्य वापर थांबवण्यासाठी त्यात पंचवीस वर्षांची मुदत होती, आणि ती संपत आली असताना हा कायदा आला. त्याने झाडाच्या फुलोऱ्याला गांजा म्हटले आणि त्यातून निघणाऱ्या राळेला चरस. फुलोऱ्याविना असलेली पाने आणि बिया त्यातून वगळल्या, म्हणून भांग केंद्रीय कायद्याच्या बाहेर राहिली. पण यावरून महाराष्ट्रात भांग मोकळी आहे असे समजू नये. इथे १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि परवान्याविना भांग बाळगणे हा त्याखाली गुन्हा आहे.

गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ आणि वीस किलोंहून अधिक ‘व्यापारी’ धरले जाते. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि एक किलो असे आहेत. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणासाठी दहा वर्षांपर्यंत, आणि व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा ते कमाल वीस वर्षे, ज्यात जामीन मिळणेही अत्यंत कठीण. नुसत्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा वजन पाहतो, तीव्रता पाहत नाही. त्यामुळे शिरपूरच्या काड्या-बियांचा एक किलो आणि हायड्रोचा एक किलो त्याच्या लेखी सारखेच. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग प्रकरणात मिश्रणाचे संपूर्ण वजन धरायचे असा निर्णय दिला, म्हणून चरस घातलेल्या खाद्यपदार्थात मैदा-साखरेचेही वजन मोजले जाऊ शकते. धोका कशात आहे हे ओळखणारा कायदा असा नसता.

यापेक्षा पालकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट न्यायालयातल्या व्यवहाराची आहे. मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांत २०१७ आणि २०१८ मध्ये निकाली निघालेल्या एनडीपीएस खटल्यांचा अभ्यास झाला आहे. त्यात बहुतांश खटले सेवनाचे होते, त्यातले बहुतांश गांजाचे, आणि पकडलेले लोक प्रामुख्याने रोजंदारीवर जगणारे, झोपडपट्टीत किंवा पदपथावर राहणारे. जवळजवळ सगळे गुन्हा कबूल करतात आणि दंड भरून सुटतात. ‘कबूल कर, दंड भर, संध्याकाळी घरी जाशील’ हा सल्ला त्या क्षणी सोयीचा वाटतो, पण कबुलीने दोषसिद्धी नोंदली जाते आणि ती नोकरी, पासपोर्ट, परदेशी व्हिसा यांच्या प्रत्येक अर्जात पुढे उभी राहते. आपल्या मुलावर कधी असा प्रसंग आला तर वकिलाशी बोलण्याआधी त्याने कबुली देऊ नये. याच कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेतले आणि ते पूर्ण केले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. कलम ३९ खाली दोषी ठरलेल्यालाही न्यायालय उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकते. ही कलमे कायद्यात असूनही व्यवहारात त्यांचा आधार क्वचित घेतला जातो, कारण आरोपीला ती माहीत नसतात आणि दंड भरणे सगळ्यांनाच लवकर आटोपणारे वाटते.

लघवीच्या चाचणीबद्दलही एक स्पष्टीकरण करतो. टीएचसी चरबीत साठते आणि हळूहळू बाहेर पडते, त्यामुळे रोज ओढणाऱ्याची चाचणी थांबवल्यावरही कित्येक आठवडे सकारात्मक येऊ शकते. चाचणी सकारात्मक आली म्हणजे माणूस त्या दिवशी नशेत होता असे सिद्ध होत नाही. उलट गाडी चालवणाऱ्याची नशा ओळखायला श्वासाचे यंत्रही उपयोगी नाही, कारण ते दारूसाठी असते. गांजाच्या अमलाखाली वाहन चालवणे धोक्याचे आहे यात शंका नाही, पण रस्त्यावर ते मोजायचे कसे याचे समाधानकारक उत्तर कायदेशीर विक्री करणाऱ्या देशांकडेही नाही.

समर्थकांकडून एका जुन्या अहवालाचा उल्लेख हमखास होतो. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने १८९३-९४ मध्ये भारतभर हिंडून ११९३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या आणि माफक सेवनाने जवळजवळ काहीच अपाय होत नाही, म्हणून बंदी न घालता कर आणि परवान्यांनी नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष काढला. मनोविकारतज्ज्ञ म्हणून मला त्या अहवालातला सर्वांत मोलाचा भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा वाटतो. त्या काळी इस्पितळांच्या नोंदवहीत वेडाचे कारण म्हणून सर्रास ‘गांजा’ लिहिले जाई. आयोगाने एकेक प्रकरण उकरून पाहिले तेव्हा कळले की कारणाचा रकाना बहुधा पोलिसांनी पाठवलेल्या माहितीवरून भरला जात होता आणि कित्येकांच्या बाबतीत त्याला काहीच आधार नव्हता. इतक्या काटेकोर कामाचा मी मनापासून आदर करतो. परंतु त्या आयोगाने जे ओढणारे पाहिले ते मुख्यतः प्रौढ होते आणि माल त्या काळचा होता. आजच्या सोळा-सतरा वर्षांच्या, रोज तीव्र माल ओढणाऱ्या मुलाविषयी त्या अहवालात काहीही सांगितलेले नाही आणि त्याला त्यासाठी साक्षीला बोलावणे योग्य नाही.

परदेशांच्या दाखल्यांतही फरक करायला हवा. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना सार्वजनिक ठिकाणी २५ ग्रॅमपर्यंत बाळगण्याची, घरी ५० ग्रॅमपर्यंत ठेवण्याची आणि तीन झाडे लावण्याची मुभा दिली, पण गांजाची दुकाने उघडलेली नाहीत. घरच्या झाडांपलीकडे, नफा न घेणाऱ्या सभासदांच्या मंडळांनाच लागवडीची परवानगी आहे. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरते कोणतेही अमली द्रव्य बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले. गांजासाठी ही मर्यादा २५ ग्रॅम आहे. पकडलेला माणूस न्यायालयाऐवजी आरोग्य आणि समाजसेवेतील जाणकारांच्या समितीपुढे जातो. विक्री तिथे आजही गुन्हाच आहे. मी जे सुचवतो ते पोर्तुगालच्या जवळचे आहे. पण पोर्तुगालने त्याच वेळी उपचारांवर पैसा आणि माणसे लावली, हा भाग सोडून नुसता कायदा उचलला तर काही साधणार नाही.

कॅनडाची गोष्ट निराळी. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून खुली, परवानाधारक विक्री सुरू झाली. बाळगल्याबद्दलच्या अटका खूपच कमी झाल्या, हा मोठा लाभ आहे, आणि किशोरवयीन मुलांमधले सेवन अनेकांनी वर्तवले होते तसे भडकलेही नाही. दुसरीकडे, गांजा घातलेल्या गोळ्या-चॉकलेटांना परवानगी मिळाल्यावर ती चुकून खाऊन रुग्णालयात दाखल होणाऱ्या लहान मुलांची संख्या वाढली. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली द्रव्यांच्या यादीतून काढला, पण विक्रीचे नियम तयार नव्हते. बघता बघता हजारो दुकाने उघडली आणि २०२५ मध्ये सरकारला पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. वर सांगितलेला बँकॉकचा हायड्रो हा त्या घाईचाच एक परिणाम आहे आणि तो आपल्या मुलांपर्यंत पोहोचला आहे.

संयुक्त राष्ट्रांनी गांजाला मान्यता दिली, असे एक वाक्य समाजमाध्यमांवर फिरते. २ डिसेंबर २०२० रोजी अमली द्रव्य आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत घातक आणि औषधी उपयोग नसलेल्या द्रव्यांच्या चौथ्या अनुसूचीतून काढले, आणि भारताने त्या बाजूने मत दिले, हे खरे. कडक नियंत्रणाच्या पहिल्या अनुसूचीत तो कायम आहे. संशोधनाची वाट थोडी मोकळी झाली, एवढाच त्याचा अर्थ.

खुल्या बाजारपेठेला माझा विरोध का, हे स्पष्ट करायला हवे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि पानटपरीवर तो आजही मिळतो, म्हणून बंदीने काही होत नाही असे समर्थक म्हणतात. या उदाहरणातून मी वेगळा धडा घेतो. बंदी येण्याआधी, कायदेशीर असताना, गुटखा कंपन्यांनी एक-दोन रुपयांच्या पुड्या, नट-नट्यांच्या जाहिराती आणि गावोगावच्या टपऱ्या यांतून ज्या वेगाने तो शाळकरी मुलांपर्यंत नेला, त्याचे परिणाम तोंडाच्या कर्करोगाच्या वॉर्डांत आजही दिसतात. एकदा उद्योग उभा राहिला की त्याचा नफा थोडे घेणाऱ्यांकडून येत नाही, तो रोज आणि भरपूर घेणाऱ्यांकडून येतो. मग सरकारही महसुलावर विसंबते. दारूच्या उत्पादनशुल्काबाबत प्रत्येक राज्य हेच अनुभवते. परवान्याच्या दुकानात वय तपासले जाईल, तीव्रतेला मर्यादा असेल, पाकिटावर इशारा असेल, हे समर्थकांचे म्हणणे कागदावर बिनचूक आहे. पण एकवीस वर्षांखालच्या मुलाला वाइन शॉपमध्ये वयाचा पुरावा विचारला जातो का, हे आपण सगळे जाणतो. दारूच्या बाबतीत जे करून दाखवता आले नाही, ते गांजाच्या बाबतीत होईल या भरवशावर आणखी एक बाजारपेठ उघडायला मी तयार नाही.

गुन्हेगारीकरण हटवण्याच्या विरोधातही एक वजनदार मुद्दा आहे आणि तो पोलीस अधिकारी मांडतात. ओढणारा हाती लागला नाही तर विकणाऱ्यापर्यंत पोहोचणार कसे? माझ्याकडे येणारी मुले ज्याच्याकडून पुडी घेतात तो बहुधा स्वतःच ओढणारा, आपला खर्च भागवण्यासाठी चार जणांना पुरवणारा असतो, आणि तपास तिथपर्यंत येऊन थांबतो. ओढणाऱ्यांना पकडण्यात, तपासणीला पाठवण्यात, न्यायालयात उभे करण्यात जो वेळ जातो, तो साठ्यांमागे लागण्यासाठी वापरला तर अधिक उपयोग होईल. २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयानेच स्वतःपुरते थोडे बाळगणाऱ्यांना कैदेऐवजी उपचारांकडे वळवावे अशी सूचना केल्याचे प्रसिद्ध झाले होते, तेव्हा ही काही टोकाची मागणी नाही.

औषधी उपयोगाचा वाद थोडक्यात आटोपतो. लहान मुलांतील काही दुर्धर प्रकारच्या अपस्मारावर, म्हणजे फिट्सवर, सीबीडीचे शुद्ध औषध अमेरिकेत २०१८ पासून मान्य आहे आणि केमोथेरपीच्या मळमळीवरही टीएचसीवर आधारलेली औषधे आहेत. आयुर्वेदात विजया या नावाने भांग शोधन करून वापरली जाते आणि औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत तिची नोंद आहे. एनडीपीएस कायदा औषधी आणि वैज्ञानिक वापराला मनाई करत नाही. गोव्यात २०२० च्या अखेरीस औषधी लागवडीचा प्रस्ताव चर्चेत आला आणि विरोधानंतर मागे पडला. उत्तराखंडने धाग्यासाठी, अत्यल्प टीएचसीच्या वाणांना परवाने दिले आहेत. हे सगळे पुढे जायला माझी हरकत नाही. मात्र अपस्मारावर चाललेल्या औषधावरून वसतिगृहातली चिलीम औषधी ठरत नाही, आणि इंटरनेटवरून ‘कर्करोग बरा करणारे’ तेल विकणाऱ्यांना या विषयात कोणतेही स्थान नाही.

आता आपल्या मुलाविषयी. त्याला मारू नका, पोलिसांची धमकी देऊ नका आणि लगेच महाविद्यालयातून काढूनही आणू नका. शांतपणे विचारा: आठवड्यातून किती दिवस, दिवसातून किती वेळा, एकटा की मित्रांबरोबर, सकाळी उठल्या उठल्या लागतो का. एकट्याने आणि सकाळी, ही दोन उत्तरे आली तर प्रकरण वाढलेले आहे असे समजा. आपल्या किंवा पत्नीच्या माहेरच्या कुटुंबात कोणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजार किंवा नाव न दिलेले ‘डोक्याचे दुखणे’ होते का, हे घरात आठवून पाहा आणि ते मुलाला सांगा. त्याच्या दृष्टीने ही सर्वांत उपयोगी माहिती आहे आणि बहुतेक घरांत ती लपवली जाते. लोक माझ्याविषयी बोलतात, माझ्यावर पाळत आहे, आवाज ऐकू येतात, असे काही तो म्हणत असेल, रात्र रात्र जागत असेल किंवा जीव देण्याची भाषा करत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

तो थांबायला तयार झाला तर पहिले दोन-तीन आठवडे त्याची चिडचिड होईल, भूक मंदावेल, घाम येईल, झोप उडेल आणि लागली तर विचित्र स्वप्ने पडतील. पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो. हे आधी सांगून ठेवले तर मुलगा आणि घर दोन्ही तग धरतात. नाहीतर ‘गांजाविना हा असाच वागतो’ असा निष्कर्ष निघतो आणि तो पुन्हा सुरू होतो. आपल्याकडे गांजा बहुधा सिगारेटच्या तंबाखूत मिसळून ओढला जातो, त्यामुळे तंबाखूचेही व्यसन सोबत लागलेले असते आणि त्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो. झोपेच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. गांजा सोडवणारी खास मान्यताप्राप्त गोळी नाही. समुपदेशन, सवयींची नवी बांधणी आणि गरजेनुसार लक्षणांवरची औषधे, असा उपचार असतो आणि त्याला काही महिने द्यावे लागतात. मध्ये एखाद्या वेळी घसरण झाली तर उपचार फसला असे मानू नये.

डॉक्टर पोलिसांना कळवतील ही भीती मनातून काढून टाका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात जा. पुण्यात १९८६ पासून काम करणारे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत. मुलगा यायला तयार नसेल तर आपण दोघे पती-पत्नी त्याच्याविना या. निम्म्याहून अधिक वेळा आमचे काम तसेच सुरू होते. त्या पहिल्या भेटीत आम्ही घरातले वातावरण, मुलाच्या गेल्या दोन वर्षांतल्या बदलांचा क्रम आणि त्याच्याशी कोणाचे जमते हे विचारतो, आणि पुढच्या वेळी त्याच्याशी कोणी, कोणत्या शब्दांत बोलायचे हे मिळून ठरवतो.